आंदण

"ही भिंत कधीची?" असं विचारत पवित्रा मॅडमनी पेनाच्या टोकानं भिंतीवर टकटक केली. भिंत पोकळ वाजली.

"झाली असतील चार वर्षं," गुंडो म्हणाला आणि त्यानं कपाळाचा घाम पुसला. यशवंतपूरच्या त्या शेडमध्ये उकडत होतं हे खरं, पण घाम उकाड्याचा नव्हता.

भिंतीच्या अलीकडे 'महानंदा इंजिनिअरिंग', पलीकडे 'गुंडो इंडस्ट्रीज'. मीटर दोन, छप्पर एक. कारखाना केवढा, हे सरकार यंत्रांची किंमत आणि वर्षाची उलाढाल बघून ठरवतं. हद्द ओलांडली की 'सूक्ष्म' उद्योग 'लघू' होतो आणि काही सवलती हातच्या जातात. गुंडोचा कारखाना हद्दीला टेकला तेव्हा त्यानं मधोमध सिमेंटच्या पत्र्यांची भिंत घातली आणि अर्धी यंत्रं विधवा भावजयीच्या नावावर दाखवली. एकाचे दोन झाले, दोन्ही सूक्ष्म. पुढं सरकारनं हद्द वाढवली, पण तोवर गुंडोचा व्यापही वाढला होता. भिंत राहिली. त्यात बाईच्या नावावरच्या सूक्ष्म उद्योगाला नव्या यंत्रावर अनुदान मिळणार होतं. त्या भरवशावर त्यानं यंत्र मागवूनही टाकलं होतं. अनुदान देण्याआधी उद्योग खात्याच्या पवित्रा मॅडम स्वतः बघायला आल्या होत्या. हे खरंच दोन उद्योग आहेत, की एकाचेच दोन तुकडे?

सरकारशी खोटं बोलण्याचं गुंडोला फारसं काही वाटत नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच. पाटीवर महानंदाचं नाव लागलं, तेव्हा बेळगावच्या नातलगांनी फोन करून त्याची पाठ थोपटली होती. "देवाप्पा गेला, पण त्याच्या बायकोला मालकीण केलास बघ!" ते कौतुक त्यानं मुकाट्यानं पदरात घेतलं होतं. मालकीण आजवर इथं फक्त सह्यांना आली होती. आज ती आली, तर तिच्या खुर्चीवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

काल त्यानं तिला पढवलं होतं. "वैनी, एवढंच म्हणायचं. भिंतीच्या अलीकडचं सगळं माझं."

"सरी," ती म्हणाली होती, म्हणजे कानडीत 'बरं'. भाऊ गेल्यापासून त्याच्या सगळ्याच बोलण्यावर ती "सरी" म्हणत आली होती.

"अम्मा," पवित्रा मॅडम तिच्याकडे वळून कानडीत म्हणाल्या, "तुमचं काय काय आहे, दाखवा बघू."

महानंदा उठली. समोरच्या चकचकीत यंत्रांकडे तिनं पाहिलंही नाही. ती शेडबाहेर गेली, वळसा घालून पलीकडच्या दारानं आत शिरली. मागोमाग मॅडम, त्यांच्या मागं गुंडो. कोपऱ्यात एक जुनं लेथ होतं. त्याच्यावर तिनं तळवा टेकवला.

"हे माझं."

"अम्मा, ही तर यांची बाजू."

"असंल. पण हे माझं आंदण आहे. लग्नात बाबांनी दिलेलं. लोकांच्या पोरी भांडीकुंडी घेऊन सासरी जातात, मी लेथ घेऊन आले. टेम्पोत लेथ पुढं अन् वऱ्हाड मागं!"

पवित्रा मॅडम हसल्या. गुंडो हसला नाही.

देवाप्पानं धंदा सुरू केला तो ह्याच लेथवर. त्याच्या कमाईतून दुसरं यंत्र आलं, दुसऱ्यातून तिसरं. आता त्याच्यावर फारसं काम निघत नसे, पण कारखान्याची लक्ष्मी तीच, म्हणून भिंत घालताना गुंडोनं ते आपल्या बाजूला घेतलं होतं. खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू अजूनही त्यालाच लागे. देवाप्पा होता तोवर पूजेला महानंदा त्याच्याशेजारी बसायची. आता गुंडो आणि त्याची बायको शुभदा बसत. महानंदा दारात उभी राहून कोहळा फुटताना बघायची.

मंजुनाथ गुंडोचा जुना ऑपरेटर. तो कानाशी कुजबुजला, "अण्णा, अक्का स्वल्प गोंधळल्यात म्हणून सांगा. वय झालं म्हणा. सुटाल."

"सर," पवित्रा मॅडम म्हणाल्या, "या म्हणतात ते खरं आहे?"

'नाही' म्हटलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं. भिंत, अनुदान, नवं यंत्र. फक्त वहिनी खोटी पडली असती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. लेथच्या फटीत खंडेनवमीचं एक वाळलेलं झेंडूचं फूल अडकलं होतं, ते ती नखानं काढत होती.

"खरं आहे," गुंडो म्हणाला. "हे त्यांचं. याच्याच जिवावर बाकीची आली. ह्या बाजूची, त्या बाजूची, सगळी."

मंजुनाथनं कपाळाला हात लावला.

"विचार करून बोला," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे हा एकच कारखाना होतो. अनुदान विसरा."

"हो."

"आणि तो यांचा?"

"हो."

मॅडमचं पेन थांबलं. "मग सर, यात तुमचं काय?"

गुंडोनं शेडभर नजर फिरवली. ती फिरून फिरून एकाच जागी आली.

"ही भिंत," तो म्हणाला. "एवढी मी घातली."