कुंचीचे डॉलर

रिफंडच्या बटणापाशी येऊन गिरिजाबाईचं बोट थांबलं. मोबाईलच्या पडद्यावर बेचाळीस डॉलर दिसत होते. वर ऑर्डर देणारीचं नाव होतं, आकांक्षा मिथुन साबळे, ब्रॅम्प्टन, कॅनडा. नवजात मुलीसाठी खणाची कुंची, लाल, मोत्याच्या गोंड्यांची. मिथुन म्हणजे गिरिजाबाईचा पाठचा भाऊ, आकांक्षा त्याची बायको. त्याला मुलगी झाली, हे तिला या ऑर्डरवरून कळलं.

रिफंड देणं तिच्या स्वभावात नव्हतं. भोकरदनच्या दोन खोल्यांत एकटी बसून ती परदेशातल्या मराठी बाळांसाठी कुंच्या शिवायची, आणि डॉलरचे रुपये होताना कुठं किती गळतं ते तिला तोंडपाठ होतं. पैसे पोचवणारी कंपनी आधी आपला वाटा कापून घ्यायची. मग उरलेल्या डॉलरचे रुपये करायची, तेही बाजारभावानं नव्हे, स्वतःच्या भावानं. वर त्या कापलेल्या वाट्यावर कर. कात्री चालवण्यात कंपनी गिरिजाबाईपेक्षा सरस होती. रिफंड म्हणजे तर कात्री दोन्हीकडून. गिऱ्हाइकाला पुरे डॉलर परत जायचे, कंपनी आपला वाटा काही सोडायची नाही, आणि रुपयांचे पुन्हा डॉलर करताना जे कमी पडेल ते गिरिजाबाईच्या खात्यातून जायचं.

म्हणून ती बाळाचं माप पुन्हापुन्हा विचारून घ्यायची. रंग वेगळा निघाला म्हणणाऱ्या लंडनच्या एका बाईशी तर ती आठवडाभर भांडली होती, पण रिफंड दिला नव्हता. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तिला जरा बरंच वाटलं होतं. रोज कुणीतरी तिला काहीतरी लिहीत होतं.

मिथुनचा मात्र पाच वर्षांत एक शब्द नव्हता. आई संभाजीनगरच्या दवाखान्यात होती तेव्हा त्याने कॅनडाहून तीन लाख पाठवले. स्वतः आला नाही. त्या साली विमानं बंद होती, हे गिरिजाबाईला तेव्हाही ठाऊक होतं. पण आई गेली, आणि राग कुणावर तरी काढायला हवा होता. तिने सगळे पैसे परत पाठवले, बँकेचा खर्चही पदरचा घातला आणि फोनवर म्हणाली, "तुहे पैसे पोचले. तू न्हाई पोचलास." नंतर तिला फार वाईट वाटलं, पण तोवर त्याचा फोन यायचा बंद झाला होता. तिचाही हात पुढे झाला नाही.

आणि आता हे बेचाळीस डॉलर. दुकानाला तिने आईचंच नाव दिलं होतं, 'केशर कुंची'. म्हणजे आपण कुणाकडून घेतोय हे त्याला कळलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. पैसे ठेवून घेतले तर ती दुकानदारीण आणि भावाची लेक गिऱ्हाईक. हे काही तिला सहन होईना. भाचीची कुंची आत्याकडून जाते, दुकानातून नाही. गेले पैसे तर गेले, म्हणून तिने बटण दाबून टाकलं.

पुढे कारण विचारलं होतं. तिने तो रकाना रिकामा सोडला. मनात जे होतं ते कंपनीला सांगण्यासारखं नव्हतं.

पण कंपनीला रिकामं काही चालत नसावं. गिऱ्हाइकाला गेलेला निरोप लगेच पडद्यावर उमटला. 'विक्रेत्याने आपली ऑर्डर नाकारली आहे. आपली संपूर्ण रक्कम परत करण्यात येत आहे.'

गिरिजाबाईने तो दोनदा वाचला. तिने पडदा वरखाली सरकवून पाहिला. परत फिरायला जागा नव्हती. भावाला दुसऱ्यांदा पैसे परत गेले होते. याचा त्याला एकच अर्थ लागणार होता आणि तो तिनेच त्याला शिकवला होता. तिने ऑर्डरखाली 'तसं न्हाई रे' एवढं लिहिलं आणि पुसलं. पाच वर्षांनंतर सुरुवात कुठून करायची ते तिला सुचेना. कुणाला विचारावं तर घरात माणूस नव्हतं. मशीनवर लाल खण अर्धा शिवून पडला होता. आई गेली तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर परदेशातला होता.

"आक्का," मिथुनचा आवाज जड झाला होता. "याही टायमाला पैसे परत? माह्या पोरीनं काय केलं गं तुहं?"

"पैसे परत केले रे, कुंची न्हाई!" गिरिजाबाई घाईघाईने म्हणाली. "कुंची मी शिवून राह्यले. भाचीच्या कुंचीचे पैसे आत्या घेत असती का, येड्या?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. गिरिजाबाईचेही डोळे भरले. तिने विचारलं, "नाव काय ठिवलं पोरीचं?"

"कागदावर हाय एक," मिथुन म्हणाला. "पाळण्यातलं तुह्यासाठी ठिवलंय."