माघारी

सत्त्याण्णव साली पंचायत समितीचं तिकीट अंगदऐवजी त्याच्या जिवलग दोस्ताला, संगमेशला मिळालं. तरी प्रचाराला दोघं एकाच जीपमधून पाटोद्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीकडं निघाले. अर्ध्या चढावर दरड कोसळून वाट बंद झालेली. एकीकडं कडा, दुसरीकडं दरी. गाडी वळवायला जागाच नव्हती.

अंगद खाली उतरला आणि मागं उभा राहून हात हलवू लागला. "ये, ये माघारी. लई जागा हाय."

जीप एकदम कलली. संगमेशनं करकचून ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि तो कसाबसा खाली उतरला. मागचं एक चाक अर्धं दरीवर होतं.

"दिसलं न्हाई का बे तुला?" संगमेश ओरडला.



"दिसलं की," अंगद म्हणाला.