पडद्यावरचा ठोकळा

संगणकावर वस्तू घडवायच्या आणि त्यांना हलतं करायचं, हे मी गावच्या वाचनालयात पोरांना फुकट शिकवतो. सॉफ्टवेअरही फुकटच. एवढ्यावरूनच माझ्या वर्गातल्या मिहारूच्या आजोबांच्या मनात पाल चुकचुकली. सकाळचा टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं मऊ पनीर, विकून झाला, की दर शनिवारी ते येऊन मागच्या बाकावर बसायचे आणि माझ्यावर पाळत ठेवायचे.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला दारात गाठलंच.

"मास्तर, संगणक सुरू केला की पडद्यावर एक ठोकळा येतो आणि आमची पोरगी आधी तोच पुसते. सगळीच पोरं पुसतात. काय लपवताय?"

"आजोबा, सॉफ्टवेअर उघडलं की तो आपोआप येतो हो. कुणालाच नको असतो, म्हणून उडवायचा."

"माझ्या टोफूसारखा दिसतो आणि म्हणे कुणालाच नको! दुकान पुढे हिनेच चालवायचंय. आणि तुम्ही हिला काय शिकवताय, तर तो फेकून द्यायला!"

शेवटच्या दिवशी पोरांनी पालकांना आपापली कामं दाखवली. मिहारूने तो ठोकळा पुसलाच नव्हता. तिच्या पडद्यावर तो पांढराशुभ्र होऊन, दुकानात टोफू ठेवतात तशा पाण्याच्या टाकीत अलगद उतरला, थरथरला आणि तळाशी जाऊन बसला. टाळ्या पडल्या. आजोबा मात्र उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा माझ्यावर घसरणार.



ते मिहारूकडे वळून म्हणाले, "डावी कड फाटलीय. कापताना घाई केलीस ना?"