उन्हातली गिटार

तारा छेडल्या आणि गिटारच्या पोटात काहीतरी गडगडलं.

अकोल्यात भर मे महिन्यात नणंदेचा साखरपुडा होता आणि सासरी मी पहिल्यांदाच वाजवायला बसले होते. गिटार माझ्यासारखीच रत्नागिरीची. इथल्या कोरड्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत ओला स्पंज घालून मी ती गिटारच्या बॅगेत ठेवायचे. सासूबाई रोज बघायच्या आणि मान हलवून निघून जायच्या. त्यांना माझं हे खूळ मुळीच आवडत नाही, असं मी धरूनच चालले होते.

मी गिटार उलटी करून हलवली. आतून टुणकन एक छोटासा कांदा पडला आणि घरंगळत थेट नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या पायाशी गेला. मांडवात हशा पिकला.

"मीच टाकला वो!" सासूबाई पुढच्या रांगेतून उठल्या. "ऊन लागू नये म्हणून आपण कांदा संग ठेवतो नं? मग हिले नको? हिले तरी इथल्या उन्हाची कुठं सवय आहे?"

मला हसू आवरेना. पहिलंच गाणं हसता हसता दोनदा चुकले.

सासूबाईंनी कांदा पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "वाजवून झालं का परत आत टाक. घरी जाताना ऊनच आहे."