डायरेक्ट बंधू आणि पहिल्या रांगेतली मावशी

इकडे सरका, अजून जवळ. एका मावशीची गोष्ट सांगायची आहे. ऐकून झाली की तुमच्याकडून एक छोटंसं वचन घेणार आहे.

मावशी धाकट्या बहिणीचा गोळ्यांचा डबा पर्समधून काढून फडताळावर ठेवत होती आणि बहीण तो फडताळावरून काढून पुन्हा पर्समध्ये घालत होती. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"साखर तीनशेला टेकलीय तुझी!"

"ताई, माझं ठरलंय. आज सभेत डायरेक्ट बंधूंसमोर सगळ्या गोळ्या उधळणार. परवा एका बाईनं उधळल्या, काय टाळ्या पडल्या!"

"आणि आता कुठे असते ती बाई?"

"दवाखान्यात." बहिणीनं पर्सची चेन ओढली. "पण तो तिचा विश्वास कमी पडला."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं, गोळ्या शोधणाऱ्याला अक्कल कोणी दिली? देवानंच ना?"

"देव त्यांच्याशी डायरेक्ट बोलतो, ताई. समोरच्याच्या मनातलं ओळखतात ते."

बंधूंचं हे नाव त्यावरूनच पडलं होतं. मावशीचा जीव मात्र आपल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांवर. ते पेटी घेऊन बसत आणि अख्खा उपदेश गाऊन सांगत. नुसतं बोलणं मावशीच्या कानात शिरत नसे, पण गाणं बरोबर शिरे. गेल्या रविवारचं पद ती भांडी घासतानाही गुणगुणत होती :

हाक गोड म्हणुनी धावू नको, हात तयाचे बघ,
जखम बांधी तो मेंढपाळ, गर्जे तो कोरडा ढग.

त्याच रविवारी एक फजिती झाली होती. सगळे माना खाली घालून प्रार्थनेत बुडालेले असताना मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "स्टेशनला? अहो, मी कुठे निघालेय?" पाळकांचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. घरी येईपर्यंत बहीण हसत होती. "ताई, वय झालं हो तुझं."

मावशीनं दोष कानयंत्राला दिला. पण कानयंत्रवाला तीन आठवडे एकच पाढा म्हणत होता : "उद्या या." यात नको ते ऐकू येतं, अशी तक्रार केली तर म्हणाला, "मावशी, जगात नको तेच जास्त बोललं जातं. यंत्र काय करणार?"

तर संध्याकाळी दोघी सभागृहात पोचल्या. दारात हसऱ्या मुली कागद वाटत होत्या. "तुमचं दुःख लिहा आणि या पेटीत टाका. कुणी वाचत नाही हं!" बहिणीनं कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मावशी चष्मा विसरली होती. तिनं कोरा कागद टाकला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

डायरेक्ट बंधू पांढऱ्या सुटात आले. डोळे मिटले, एक बोट वर केलं. सभागृह चिडीचूप.

"निळा कोट," मावशी म्हणाली. "चौथी रांग. बायकोची पाठ धरलीय."

मावशीचं हळू बोलणं म्हणजे इतरांची आरोळी. चौथ्या रांगेतला निळा कोट ताडकन उभा राहिला. "खरंय! खरंय हो!"

बंधूंचं तोंड उघडंच राहिलं. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा डोळे मिटले.

"शाळेतल्या बाई," मावशी म्हणाली. "बदली हवीय. आं? कुठे? नीट सांगा की!"

मागून एक किंकाळी आली. "मीच ती! हालेलूया!" लोकांनी खुर्च्या फिरवल्या. आता त्यांची तोंडं स्टेजकडे नव्हती, मावशीकडे होती. एका आजोबांनी तर बूट काढून ठेवले.

बंधूंच्या कपाळावर घाम डवरला. आता पक्कं काम हवं, असं वाटून त्यांनी घाईघाईनं हात पुढे केला. "हिरव्या शालीतल्या भगिनी, वर या!"

बहीण निघाली. पायऱ्या चढली. डबा उघडला. बंधू मान तिरकी करून थांबले.

मावशी उठून उभी राहिली. तिचा चेहरा आता वेगळाच झाला होता.

"साखरेची पेशंट," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "भोळी आहे. सगळ्या गोळ्या उधळायला लाव, छान दिसतं. परवाच्या बाईसारखी आजच चक्कर येऊन पडली नाही म्हणजे मिळवलं."

बहिणीचा हात हवेत थांबला. तिनं बंधूंच्या सुटाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी हातांकडे. ते तिला अडवायला पुढे आलेच नव्हते. तिनं एक गोळी उचलून तोंडात टाकली, बंधूंच्याच पेल्यातलं पाणी प्यायली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"ताई," ती तिथूनच म्हणाली, "घरी चल."

"संदेष्ट्री!" कुणीतरी ओरडलं. "खरी संदेष्ट्री!" चार जण मावशीच्या पायांकडे झेपावले.

"उठा आधी! मी कसली संदेष्ट्री? मी पाळकांच्या पदांना टाळी देणारी बाई." मावशीनं पाय खुर्चीखाली ओढले.

डायरेक्ट बंधू स्टेजच्या पायरीवर मटकन बसले. देव कुणाशी बोलतो यावर त्यांचा स्वतःचा कधीच विश्वास नव्हता. आज तो बसायची वेळ आली होती. माईक चालूच होता.

"मावशी... तुम्हाला हे कोण सांगतं हो?"

"कोण म्हणजे? तुम्हाला सांगतो तोच!" मावशी म्हणाली. "आणि त्याला वाफ घ्यायला सांगा. नाक चोंदलंय मेल्याचं."

बंधूंचा हात आपसूक स्वतःच्या उजव्या कानात लपवलेल्या छोट्या यंत्राकडे गेला. मावशीचा केव्हाचा तिच्या कानावर होताच.

आता तुमचं वचन. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा मावशीचं नाव नाही घेतलंत तरी ती रागावणार नाही. पण त्या कानयंत्रवाल्याची तेवढी आठवण ठेवा. त्या दिवशीही तो "उद्या या" म्हणाला होता.