लाखवातीचा अंगठा

नाव पुकारलं गेलं ते अनुश्रीचं नव्हे, सरोजिनीबाईंचं.

त्या तर सुनेच्या सोबतीला म्हणून आल्या होत्या. शंकर नगरातल्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तीन आठवड्यांनी नंबर लागला होता, तोही अनुश्रीच्या मनगटासाठी.

"माझा नंबर तुमच्या नावानं करून घेतला, आई," अनुश्री हळूच म्हणाली. "कप दोन हातांनी धरून राहिल्या तुमी. मले दिसते नं."

सरोजिनीबाईंनी उजवा हात पदराखाली ओढला. शेजारच्या बाकावर कांताबाई बसल्या होत्या, पुरानी बस्तीत त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या. खांदा शेकायला आल्या होत्या. याच कांताबाईंसमोर, हळदीकुंकवाला, सरोजिनीबाईंनी सुनेच्या मनगटावरच्या पट्ट्याची थट्टा केली होती. ऑफिसात बसून बटनं दाबल्यानं कोनाचा हात दुखते का, आमी तर पाट्यावर वाटलं, धुणी आपटली. डॉक्टरांनी अनुश्रीला दर अर्ध्या तासानं हात थांबवायला सांगितलं होतं. त्याला सरोजिनीबाईंनी 'महाराणीची सुट्टी' असं नाव ठेवलं. बायका हसल्या. अनुश्रीही हसली, डाव्या हातानं चहाचा ट्रे सांभाळत.

आणि महिनाभरात त्यांचाच अंगठा अडकू लागला. लाखवातीचा नेम होता. वर्षात एक लाख वाती, स्वतःच्या हातानं वळलेल्या, रोज तीनशे. आता थोडं थांबते असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? त्या तशाच वळत राहिल्या. एका सकाळी अंगठा मिटला तो उघडेचना. त्या दिवशी त्यांनी देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून तयार वातींची पाकिटं घेतली आणि घरी आणून वातींच्या डब्यात ओतली. रिकामी पाकिटं केराच्या टोपलीत तळाशी दाबली; केर टाकायला मात्र रोज अनुश्रीच जायची. देवापुढे डोळे मिटले, पण हात काही जोडवले नाहीत. सुनेजवळ 'दुखते' म्हणण्यापेक्षा देवाला फसवणं त्यांना सोपं गेलं होतं. तेव्हापासून रोज हेच चाललं होतं, त्याला आज चाळीस दिवस झाले. परवा एकादशीला उद्यापन होतं, साऱ्या गल्लीला बोलावणं गेलं होतं.

आत डॉक्टरीणबाईंनी त्यांचा अंगठा हलकेच उघडला. टक्कन आवाज झाला. अनुश्री मागे उभी होती. अर्धवट ओढलेल्या पडद्यापलीकडच्या बाकावरून कांताबाई कौतुकानं सांगू लागल्या की, आमच्या सरोजिनीबाईंनी एका दिवसाचाही खाडा केला नाही, कालच्याही तीनशे झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "माँजी, ये अंगूठा तो महीने भर से जकड़ा हुआ है. इससे तीन सौ बत्तियाँ कैसे बनीं?"

पडद्याच्या कडेनं कांताबाईंचा चेहरा पुढे आला. सरोजिनीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्षभराचा नेम, गल्लीतला मान, सगळं त्या एका वाकड्या अंगठ्यावर येऊन थांबलं होतं.

अनुश्री पुढे आली. सासूकडे तिनं पाहिलंच नाही. पडद्याकडे पाहत ती शांतपणे म्हणाली,

"कांताकाकू, आईंच्या हातून धा-वीसच होतात. बाकीच्या दुकानातून आणून डब्यात मीच टाकत होती. त्यांना काहीच ठाऊक नाही."