गच्चीवरून दिसणारी वाफ

"ताई, गरम पाण्याचा नळ सोडा बरं जरा," मिस्त्री म्हणाला.

तिने नळ सोडला. बॉयलर भस्सकन पेटला. नळ बंद केला, विझला. पुन्हा तेच. दुपारच्या मऊ उन्हात खिडकीची काच वाफेने धूसर झाली होती, आणि तिला सगळं घरच पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

मिस्त्रीला धाडलं होतं तिच्या भावाने. मागच्या खेपेला तो तिच्याबरोबर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला, तर खाली भिंतीबाहेर काढलेल्या बॉयलरच्या नळकांड्यातून वाफ निघत होती! घरात सासूबाईंशिवाय कुणी नाही, आणि त्या तर हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेल्या.

"आपोआप पेटतो हा! एक दिवस घर उडवेल," भाऊ भडकला होता. "दुरुस्त झाला नाही तर रविवारी तुला घेऊनच जातो. नाहीतरी म्हातारी हिंडूफिरू लागली की तुला यायचंच आहे. नवरा गेला, आता इथे आहे कोण तुझं?"

कोण म्हणजे काय! आतल्या खोलीत होतं की. हे घर सोडायचं तिच्या मनातही नव्हतं.

मिस्त्रीने बॉयलरमधलं एक छोटं चक्र काढून तिच्यापुढे धरलं. "पाणी वाहिलं की हे फिरतं, आणि हे फिरलं तरच बॉयलर पेटतो. मला वाटलं, कचऱ्याने अडकलं असेल. पण हे तर चकाचक आहे."

"मग?"

"मग बिघाड नाहीच. तुम्ही वर गेलात की कुणीतरी नळ सोडतं." त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, आजी चालतात."

तिने झटकन खोलीचं दार लोटून घेतलं. "भावाला सांगा, कचरा होता, काढला."

"अहो, पण..."

"बॉयलर आता ठणठणीत आहे. एवढंच सांगा, दादा."

मिस्त्री डोकं खाजवत निघून गेला. ती दार उघडून आतल्या खोलीत गेली.

"काय गं, सापडलं का काही?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"कचरा होता हो नुसता."

"बरं झालं बाई."

"मी कपडे वाळत घालून येते."

गच्चीवर वारा नव्हता. थोड्या वेळाने खालून वाफ आली, पांढरी, संथ. कपडे केव्हाच घालून झाले होते, तरी ती वाफेकडे बघत उभी राहिली.

मग ती जिना उतरू लागली. रोजच्यासारखी मधल्या पायरीवर थांबली, मोठ्याने खोकली, आणि नळ बंद होऊन पलंग करकरल्यावरच घरात शिरली.